वसईच्या वाड्यांना तागाचे नत्र

निर्मळ, गास, भुईगाव, आगाशी या पश्चिम पट्ट्यातील वाड्यांनी केळी, पानवेल आणि भाजीपाला पिढ्यानुपिढ्या पिकवून मुंबईच्या बाजारास पुरविला. आता इमारतींच्या रेट्यातून जी थोडी जमीन वाचली आहे, तिच्या पोषणाची चिंता महानगरपालिकेच्या हद्दीतील प्रत्येक नागरिकाने वाहिली पाहिजे, असे माझे मत आहे.

या किनारी जमिनीत रेतीचा अंश मोठा आणि पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरांच्या वर. त्यामुळे युरियातील नत्राचे एकदा नायट्रेट झाले की रेताड माती त्यास धरून ठेवीत नाही, आणि पिकाच्या वाट्यास येण्यापूर्वीच त्याचा बराच भाग पाण्यासवे झिरपून, वाडी आणि वाडीतले घर ज्या विहिरीवर जगते तिच्यातच उतरतो. सरकारी अनुदानामुळे 45 किलोची गोणी स्वस्त मिळते खरी, पण विहिरीचे हे नुकसान त्या किमतीत धरलेले नसते.

ज्या तुकड्यात दिवाळीच्या सुमारास वांगी, मिरची, कोबी लावावयाची, तो भर पावसात उघडा न टाकता त्यात युरियाचा भार हलका करणारे हिरवळीचे खत म्हणून गुंठ्याला अर्धा किलो या प्रमाणात ताग पेरावा. पाणी साचणाऱ्या वा खारवट जागी मात्र धैंचाच टिकतो. पेरणी जूनमध्ये उरकण्याचा मोह आवरावा, कारण मग ताग ऐन पावसात गाडावा लागून त्याचे नत्रही वाहून जाईल. जुलैअखेर पेरून सप्टेंबरच्या मध्यास, फुलकळी दिसताच आणि खोड चिवट होण्याआधी गाडलेला ताग लागवडीपूर्वी कुजून तयार होतो. गाडण्याआधी एखादे रोप मुळासकट अलगद उपटून मुळावरची गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी रंग दिसला तर तेथील जिवाणू हवेतील नत्र बांधीत आहेत असे समजावे; हिरवट वा राखी दिसला तर गाठी निकामी आहेत, आणि पुढील वर्षी बियाण्यास रायझोबियम चोळल्यावाचून पेरू नये.

चांगल्या तागातून हेक्टरी साधारण 60 ते 80 किलो नत्र जमिनीस मिळते. त्यातले सगळेच पहिल्या भाजीस लाभत नाही, म्हणून कोबीसारख्या खादाड पिकास युरिया सर्वस्वी सुटणार नाही. त्याची मात्रा मात्र पुष्कळ उतरविता येईल.

खरी अडचण निराळीच आहे. खंडाने वाडी कसणाऱ्यास पुढल्या वर्षी ती जमीन आपल्याकडे राहील याची शाश्वती नसते, आणि जिचे फळ दुसऱ्याच्या पदरात पडावयाचे अशी मशागत त्याने स्वखर्चाने करावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. तेव्हा तालुका कृषी कार्यालयाने तागाचे बियाणे आणि रायझोबियम जुलैच्या आरंभीच गावोगाव पोहोचवावे, कोसबाडच्या कृषिविज्ञान केंद्राने दोन-चार वाड्यांत प्रात्यक्षिके घ्यावीत, आणि ज्यांच्या नावे सातबारा आहे त्या मालकांनी बियाण्याचा खर्च खंडातून वजा करून द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.