वर्ध्याचा अर्धा तास : हाताच्या शिक्षणात समाजाला जागा किती?

१/ शिक्षणाच्या इतिहासात वर्ध्याचे नाव निघाले की चरखा आठवतो. त्याच वर्ध्यात आखलेल्या अभ्यासक्रमात ‘सामाजिक अभ्यास’ हा एक स्वतंत्र विषय होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. हा धागा त्या विषयाविषयी आहे. आजच्या कम्युनिटी कॉलेजांनी तो विषय पुन्हा हाती घ्यावा, असे माझे मत आहे. ते का, हे क्रमाने मांडतो.

२/ २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानी गांधीजी होते, समोर काँग्रेसशासित प्रांतांचे शिक्षणमंत्री. अभ्यासक्रम तयार करण्याचे काम डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीकडे सोपवण्यात आले. विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रुवाला, जे. सी. कुमारप्पा, के. टी. शाह, आशादेवी आणि आर्यनायकम् हे समितीत होते. २ डिसेंबरला अहवाल सादरही झाला.

३/ या अहवालाने इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र यांच्यामधील भिंती पाडल्या. तिन्ही मिळून एकच विषय केला आणि त्यात चालू घडामोडी व विविध धर्मांचा आदरपूर्वक परिचय जोडला. आरंभ कुठून करायचा, तर मुलाच्या स्वतःच्या परिसरातून. गाव, पंचायत, सहकारी संस्था आणि खुद्द शाळेतील मुलांचा कारभार हेच नागरिकशास्त्राचे पहिले पाठ.

४/ इतिहासप्रेमींनी एक तपशील ध्यानात ठेवावा असा आहे. पहिल्या इयत्तेसाठी सुचवलेल्या गोष्टींमध्ये पिरॅमिडच्या बांधकामावर राबलेल्या गुलामाची गोष्ट आहे. मोहेंजोदडोतील मुलाचीही आहे. ज्याने दगड वाहिले त्याच्या नजरेतून प्राचीन इजिप्तकडे पाहायचे, हा विचार १९३७ साली सात वर्षांच्या मुलांसाठी केला गेला होता. आपली पाठ्यपुस्तके तेव्हा राजवंशांच्या याद्यांत गुंतलेली होती.

५/ आता दुसरी बाजू. अहवालातील वेळापत्रकात शाळेचा दिवस साडेपाच तासांचा आहे. त्यातील ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला, म्हणजे सूतकताई, सुतारकाम, शेती यांसारख्या हस्तोद्योगाला. सामाजिक अभ्यास आणि सामान्य विज्ञान या दोघांना मिळून अवघी ३० मिनिटे. समितीच्या मनात समाज कितीही मोठा असला, तरी घड्याळात त्याला अर्ध्या तासातही वाटेकरी होता.

६/ यावर समितीचे उत्तर ‘समवाय’ हे होते. उद्योग, निसर्ग आणि समाज ही शिक्षणाची तीन केंद्रे मानावीत आणि एकातून दुसऱ्यात जावे. टकळीवर सूत काढताना कापूस कुठून आला, त्याचा भाव कोण ठरवतो, असे प्रश्न निघावेत. म्हणजे ते ३ तास २० मिनिटेही समाजाच्या अभ्यासाची व्हावीत. कल्पना उत्तम होती. पण सारा भार शिक्षकावर होता. प्रश्न काढणारा शिक्षक नसेल, तर उरते ती केवळ कताई.

७/ हा धोका तेव्हाही ओळखला गेला होता. मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च भागवण्याच्या कल्पनेला अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी परिषदेतच हरकत घेतली. असा माल बाजारात आला तर पिढीजात कारागिरांशी स्पर्धा होईल, असे त्यांचे म्हणणे होते. आर्थिक बाजूवर जोर देताना शैक्षणिक हेतूचा बळी जाऊ शकतो, असा इशारा खुद्द अहवालानेही दिला. योजनेत धार्मिक शिक्षणाला स्थान नाही म्हणून मुस्लिम लीगनेही कडाडून टीका केली. समाजाचा अभ्यास कुणी, कसा शिकवायचा हा प्रश्न कधीच निरुपद्रवी नसतो.

८/ प्रौढांच्या शिक्षणातही वर्ध्यात हाच विचार आकार घेत होता. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडी त्याचे केंद्र बनली. संघाची धुरा कुमारप्पांकडे होती. कोलंबिया विद्यापीठात राजस्वाचा अभ्यास केलेल्या या माणसाने त्याआधी गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली होती. घरोघरी जाऊन उत्पन्न, कर्ज आणि सारा यांचा हिशेब मांडणे, हेच त्यांचे अर्थशास्त्र. मगनवाडीत तेलघाणी, हातकागद शिकायला येणाऱ्या कार्यकर्त्याला गावाचा हिशेबही कळला पाहिजे, ही त्यांची दृष्टी होती.

९/ आता थोडे अमेरिकेकडे. डिसेंबर १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या उच्च शिक्षण आयोगाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हा शब्द देशभर रुजवला : घराजवळचे, परवडणारे, दोन वर्षांचे महाविद्यालय. पुढच्याच वर्षी भारतात राधाकृष्णन आयोग नेमला गेला. त्याचे एक सदस्य आर्थर मॉर्गन हे टेनेसी खोरे प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष आणि लहान समुदायांचे कट्टर पुरस्कर्ते होते. ग्रामीण विद्यापीठांची शिफारस या आयोगाच्या १९४९ च्या अहवालात आली. मॉर्गन यांचे या विषयावरील पुस्तक सेवाग्रामच्या हिंदुस्थानी तालीमी संघाने प्रसिद्ध केले.

१०/ १९५६ पासून केंद्र सरकारने ‘रूरल इन्स्टिट्यूट’ उभारल्या. महाराष्ट्रात गारगोटीचे मौनी विद्यापीठ आणि अमरावतीचे शिवाजी लोकविद्यापीठ ही ठळक नावे. पण गावातल्या पालकाचा प्रश्न साधा होता : या पदविकेवर नोकरी मिळेल का? शहरातल्या मुलाला बी.ए. आणि आमच्या मुलाला ‘ग्रामीण सेवा’ का? ही शंका रास्त होती. ज्या शिक्षणाला प्रतिष्ठा नाही, ते गरिबांच्या माथी मारलेले शिक्षण ठरते. यांतील बहुतेक संस्था पुढे प्रचलित विद्यापीठीय चौकटीतच सामावल्या.

११/ वर्तमानात या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ च्या सुमारास कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली. आराखड्यात साधारण ६० टक्के भार कौशल्याला आणि ४० टक्के सामान्य शिक्षणाला आहे. वर्ध्याच्या अर्ध्या तासाच्या तुलनेत ही जागा प्रशस्त म्हणायची! पण ती संभाषणकौशल्य, संगणकाची तोंडओळख आणि मुलाखतीची तयारी यांनीच भरून टाकता येते, आणि तशी भरली की समाज पुन्हा वर्गाबाहेर राहतो.

१२/ “आधी रोजगार, मग समाज” हा आक्षेप मी हलका मानत नाही. ज्या घरात दोन वर्षांची फी जुळवणे कठीण, तिथे मुलाने हाताला काम देणारेच शिकावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वर्धा हा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधील विदर्भाच्या सहा शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. इथल्या शेतकऱ्याला कापूस पिकवण्याचे कौशल्य कमी नव्हते. बियाणे, कर्ज आणि भाव यांची गणिते त्याच्या शेताबाहेर ठरत होती. ती गणिते उलगडणाऱ्या विद्येलाच आपण सामाजिक शास्त्र म्हणतो.

१३/ मग वर्ध्यातील कम्युनिटी कॉलेजात काय शिकवावे? कापसाचे एक बोंड घ्यावे. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१-६५) लँकेशायरला कापूस मिळेना, तेव्हा हिंगणघाटच्या कापसाकडे ब्रिटिशांचे लक्ष का वळले; १८६७ मध्ये नागपूरपर्यंत आलेल्या रेल्वेने गावचा बाजार कसा बदलला; १९७२ ची कापूस एकाधिकार खरेदी योजना का आली आणि का मोडली; २००२ नंतर बीटी बियाण्याने खर्चाचे गणित कुठे नेले. हे एक सत्र झाले. दुसऱ्या सत्रात विद्यार्थ्याने आपल्याच गावाची पाहणी करावी : जमीन कुणाकडे, मजुरी किती, पाणी कुणाच्या वस्तीत पोहोचते.

१४/ इथे एक पथ्य पाळावे लागेल. ‘आपला परिसर’ म्हणजे आपल्या परिसराचे गोडवे नव्हेत. पाहणीत जात येईल. मूलोद्योग कुणाच्या पिढीजात धंद्याला कुणाच्या माथी पुन्हा बांधतो, हा प्रश्न येईल. सेवाग्रामच्या प्रयोगांची चिकित्साही येईल. आष्टीच्या १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावाचा अभिमान आणि त्याच तालुक्यातील आजच्या शेतमजुराचे वेतन, दोन्ही एकाच वहीत लिहिता आले पाहिजे.

१५/ म्हणून मागणी मर्यादित आहे. नवी इमारत नको, नवा विभागही नको. त्या ४० टक्क्यांत सामाजिक शास्त्रांना निश्चित श्रेयांक द्यावेत, गावपाहणीला प्रात्यक्षिकाचा दर्जा द्यावा आणि हे श्रेयांक पुढे बी.ए.ला ग्राह्य धरावेत. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची, कारण तिच्याअभावी रूरल इन्स्टिट्यूट मागे पडल्या. वायरमनचा अभ्यासक्रम करणाऱ्या मुलीला हवे तेव्हा इतिहासाची पदवी घेता आली पाहिजे.

१६/ इतिहासाची आवड असणाऱ्या आपण मंडळींनी हा प्रश्न शिक्षणतज्ज्ञांवर सोडून देऊ नये. किल्ले आणि लढाया आपण आवडीने वाचतो, वाचाव्यातही. पण पिरॅमिडच्या गुलामाची गोष्ट ऐकण्याचा पहिला हक्क ज्याला आज दगड उचलावा लागतो त्याचा आहे, आणि ती त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट त्याच्या गावाजवळच्या कॉलेजातून जाते. तुमच्या तालुक्यात असे कॉलेज असेल, तर त्याच्या अभ्यासक्रमात समाजाला किती तास दिले आहेत ते पाहा आणि खाली लिहा.