अनवाणी पायांवरचा आळ

पिंपळनेरच्या चहाच्या टपरीवर असो की पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात, भारतीय फुटबॉलचा विषय निघाला की एक कथा हटकून सांगितली जाते. १९५० साली ब्राझीलमधील विश्वचषक स्पर्धेत भारताला प्रवेश मिळाला होता. परंतु आपले खेळाडू अनवाणी खेळत, बुटांवाचून खेळू देण्यास जागतिक संघटनेने नकार दिला आणि संधी हुकली. ऐकणारा हळहळतो, थोडा हसतोही. ही कथा कोणाच्या सोयीची आहे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. दोष गरिबाच्या उघड्या पायांवर ढकलला जातो आणि खुर्चीत बसलेला निर्दोष सुटतो.

वस्तुस्थिती निराळी आहे. ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपीन्स यांनी माघार घेतल्यामुळे भारताला त्या स्पर्धेत जागा मिळाली. प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलण्याची यजमानांची तयारी होती. तरीही अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने संघ पाठविला नाही, आणि त्या वेळी पुढे केलेली कारणे होती संघनिवडीतील मतभेद व सरावाला अपुरा वेळ. ऑलिंपिकपुढे विश्वचषकाची मातब्बरी पदाधिकाऱ्यांना वाटतच नव्हती, असे त्या काळचे कर्णधार शैलेन मन्ना यांनी पुढे सांगितले. थोडक्यात, संघ अडला तो कचेरीत. राहिला प्रश्न अनवाणी पायांचा. १९११ साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या बूटधारी गोऱ्यांना २-१ असे हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, तेव्हा त्या अकरांपैकी एक सोडून सारे अनवाणी होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये नागा डॉक्टर तालिमेरेन आओ यांच्या नेतृत्वाखालील संघातही बहुतेकांच्या पायांत बूट नव्हते. तो संघ फ्रान्सशी २-१ असा हरला, तोही दोन पेनल्टी वाया घालवून आणि अखेरच्या क्षणी गोल स्वीकारून. यात लाज वाटण्याजोगे काय आहे?

पुढील चौदा वर्षांचा इतिहास तर त्या कथेला उघडउघड खोटे पाडतो. १९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धेत इराणला १-० असे नमवून भारताने सुवर्णपदक मिळविले. १९५२ साली हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने १०-१ असा दणदणीत पराभव केला, हेही लपविण्याचे कारण नाही. त्यातून शिकूनच संघ पुढे गेला. १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने यजमान ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढविले, भारत ४-२ असा जिंकला आणि चौथ्या क्रमांकावर राहिला. त्याआधी आशियातील कोणताही संघ ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला नव्हता. १९६० साली रोममध्ये फ्रान्सला १-१ असे रोखले. आणि १९६२ चे जाकार्ता! इस्रायल व तैवानला वगळण्यावर भारतीय प्रतिनिधी सोंधी यांनी घेतलेल्या आक्षेपामुळे तेथील प्रेक्षक भारतावर खवळले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने हरविले होते. बचावफळीतील जर्नेलसिंग डोक्याला टाके घेऊन आघाडीला खेळत होता. त्याच कोरियाला अंतिम सामन्यात २-१ असे हरवून भारताने दुसरे सुवर्ण जिंकले. एक गोल प्रदीपकुमार बॅनर्जींचा, दुसरा त्या टाके पडलेल्या डोक्याच्या जर्नेलचा.

हा संघ कोणी घडविला, याचा विचार कार्यकर्त्यांनी अवश्य करावा. मार्गदर्शक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे एक शाळामास्तर. त्यांच्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० पासून सलग पाच वर्षे मुंबईच्या कूपरेजवर रोव्हर्स चषक जिंकला. १९६२ च्या स्पर्धेच्या वेळी कर्करोग त्यांना पोखरीत होता. जून १९६३ मध्ये ते गेले. बॅनर्जी रेल्वेचे, गोलरक्षक थंगराज सैन्यातले, युसुफ खान पोलिसांतले, जर्नेलसिंग फाळणीत घर गमावलेला पंजाबी निर्वासित, तुळशीदास बलराम सिकंदराबादेजवळच्या गरीब घरातला, फॉर्च्युनातो फ्रँको मुंबईच्या टाटा संघात नाव कमावलेला गोवेकर. सार्वजनिक नोकरी, सार्वजनिक शाळा आणि कोणालाही पाऊल ठेवता येईल असे मैदान, या तीन गोष्टींवर तो संघ उभा होता. हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती एका पंगतीत बसले होते, पण त्याचे जाहिरातफलक तेव्हा कोणी लावले नाहीत. २०२४ साली रहीम यांच्यावर ‘मैदान’ हा चित्रपट निघाला तेव्हा साऱ्या देशाला त्यांची एकदम आठवण झाली. मृत शिक्षकाचा गौरव फारसा महाग पडत नाही.

१९७० साली बँकॉकला जपानला १-० असे हरवून भारताने कांस्यपदक घेतले. आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे ते आजवरचे शेवटचे पदक. तो जपान १९९८ पासून प्रत्येक विश्वचषकाला पात्र ठरत आला, कोरिया २००२ मध्ये उपांत्य फेरीत गेला, आणि भारत २०१५ साली जागतिक क्रमवारीत १७३ व्या स्थानी घसरला. मधल्या काळात महासंघाची अध्यक्षपदे राजकारण्यांनी वतनासारखी भोगली: १९८८ पासून प्रियरंजन दासमुन्शी, त्यांच्यानंतर प्रफुल्ल पटेल. पटेलांची मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली, तरी खुर्ची सुटेना. शेवटी मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला प्रशासक नेमावे लागले आणि ऑगस्टमध्ये जागतिक संघटनेने भारताला काही दिवस निलंबितच केले. दुसरीकडे २०१० साली महासंघाने खेळाचे व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी रिलायन्सच्या गोटाकडे सोपविले. सातबारा राष्ट्राचा, पीक मालकाचे! २०१४ मध्ये झगमगाटी लीग निघाली. त्याआधीच, २०१० मध्ये, राष्ट्रीय विजेतेपद मिळविलेला मुंबईचा महिंद्र युनायटेड संघ मालकांनी एका फटक्यात बंद केला होता, आणि १८९१ पासूनचा रोव्हर्स चषक तर या शतकाच्या उंबरठ्यावरच थांबला. कराराची मुदत सरत आली तेव्हा, जुलै २०२५ मध्ये, ती लीगही स्थगित झाली. ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून आणि नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशाकडून हार पत्करावी लागली. २०२७ च्या आशियाई चषकाचे दारही बंद झाले. या पराभवांचा दोष कोणाच्या पायांना देणार? या खेळाडूंच्या पायांत तर उत्तम बूट होते.

भारतीयांची शरीरयष्टीच या खेळाला पुरी पडत नाही, असे सांगणारे विद्वानही भेटतात. सुमारे साडेतीन लाख वस्तीचा आइसलंड २०१८ च्या विश्वचषकात खेळला. एकट्या साक्री तालुक्याची लोकसंख्या त्याहून अधिक आहे. त्या देशातील नगरपालिकांनी लोकांच्या पैशातून बंदिस्त मैदाने बांधली आणि लहान मुलांनाही प्रशिक्षित मार्गदर्शक दिले. आपल्याकडेही जेथे लोकांनी खेळ हाती धरला तेथे तो टिकला. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींनी फुटबॉल जगविला, आणि त्याच शहरातील रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

कांद्याला भाव नसताना फुटबॉलचे काय घेऊन बसलात, असे काही साथी विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु मैदान म्हणजे जमीनच, आणि गावालगतची सार्वजनिक जमीन कोण गिळतो हे पांझरेकाठच्या कार्यकर्त्याला शिकवावे लागत नाही. पिंपळनेरच्या पश्चिमेला डोंगरातील भिल्ल-कोकणा पाड्यांवरची मुले रोज चढ-उतार तुडवीत शाळेत जातात. सीमेपलीकडच्या नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत अशाच वाटांवरून धावत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरच्या पदकापर्यंत गेली. दम आणि चिकाटी या मुलांत आहे. त्यांना शिकवायला मास्तर नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे सहावी ते आठवीत शंभरावर पट असेल तरच शारीरिक शिक्षणाचा निदेशक बंधनकारक आहे, तोही अंशकालीन. पाड्यावरच्या शाळेचा पट शंभरावर कधी जाणार? ही अट बदलण्याची मागणी, आणि प्रत्येक आश्रमशाळेच्या मैदानाचा सातबारा कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न, धुळ्याच्या जिल्हा परिषदेपुढे आणि आदिवासी विकास विभागापुढे लेखी मांडला गेला पाहिजे, आणि उत्तरही लेखीच घेतले पाहिजे.