पावलांवरचा भार

खेळाच्या तासाला प्रत्येक वर्गातली एक-दोन मुलं कडेला बसतात. "सर, पाय दुखतात," म्हणतात. घरी विचारलं तर अम्मी सांगते, "आळशी आहे, बाकी तब्येत माशाअल्लाह छान!" पण वजन जास्त असलेल्या मुलाचे पाय खरोखरच दुखू शकतात.

लहान बाळाचं पाऊल सपाटच असतं. तळव्याची कमान वयाच्या 10 वर्षांपर्यंत हळूहळू तयार होते. त्या काळात हाडं कोवळी असतात. त्यांच्यावर रोज जादा भार पडला, तर तळव्यावरचा दाब वाढतो आणि पाऊल सपाट राहण्याची शक्यताही वाढते. असं मूल पाय फाकवून, हळू चालतं, लवकर थकतं. मग खेळ सुटतो आणि वजन आणखी वाढतं.

वुजू करून आलेल्या मुलाचा फरशीवरचा ओला ठसा पाहा. 10 वर्षांनंतरही पूर्ण तळवा उमटत असेल आणि पाय दुखत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. मूल लंगडत असेल, मांडी किंवा गुडघा दुखत असेल, तर त्याच दिवशी दाखवा. वजनदार मुलांमध्ये वयात येताना खुब्याचं हाड सरकू शकतं आणि कळ मात्र गुडघ्यात येते.

मुलाला उपाशी ठेवू नका, 'मोटू' म्हणून चिडवू नका. घरातली कोल्ड्रिंक्स, बिस्किटं सगळ्यांसाठीच कमी करा. बुटात अंगठ्यापुढे बोटभर जागा असू द्या. असरनंतर तासभर त्याला खेळू द्या. पाय दुखत असतील तर सायकलपासून सुरुवात करा.