रेक्झिनची खुर्ची आणि इंदूरचा राजा

परळीच्या वैजनाथाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, हे आमच्या बीड जिल्ह्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्यांचं माहेर, चौंडी, तर आमच्या आष्टी-पाटोद्याला लागूनच. पण ह्याच होळकरांच्या गादीवर पुढे बसलेल्या एका राजाचं नाव फर्निचरच्या जागतिक इतिहासात घेतलं जातं, हे इकडं फारसं कुणाला माहीत नसतं. हल्ली बीड-अंबाजोगाईतही ‘बंगल्याचं इंटीरियर’ हा विषय जोरात आहे, म्हणून म्हटलं लिहावंच.

यशवंतराव होळकर (दुसरे), जन्म १९०८ चा. ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांची गाठ एकार्ट मुथेसियस ह्या जर्मन तरुणाशी पडली. ह्याचे वडील हेरमान मुथेसियस नावाजलेले आर्किटेक्ट, इंग्लिश घरांवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. म्हणजे पोराच्या अंगात घर-खुर्ची-दिवा लहानपणापासूनच भिनलेलं. १९३० साली राज्याची सूत्रं हाती आली तेव्हा राजा आणि डिझायनर दोघंही विशीतलेच. राजानं त्याला इंदूरचा माणिकबाग पॅलेस करायला दिला. आख्खा. (आमच्या कंपनीत ह्या वयाच्या पोराला क्लायंट कॉलवर म्यूट राहायला सांगतात. असो.)

राजवाडा म्हटलं की आपल्याला झुंबरं, सोनेरी महिरपी, वाघाची मुंडकी वगैरे दिसायला लागतं. माणिकबागेत ह्यातलं काही नव्हतं. सरळ रेषा, काच, स्टील. त्या काळात एअर कंडिशनिंगसुद्धा. अभ्यासिकेचं टेबल पॅरिसच्या रूलमानचं. आयलीन ग्रेची आरामखुर्ची. काच आणि धातूचे पलंग लुई सोन्यो आणि शार्लोत अलिक्स ह्या जोडीचे. आणि पुष्कळसं सामान मुथेसियसनं स्वतः डिझाइन करून बर्लिनच्या कारागिरांकडून बनवून घेतलेलं, जे जहाजानं हिंदुस्थानात आलं.

त्यातली मला सगळ्यात आवडते ती लायब्ररीतली लाल खुर्ची. वाचणाऱ्याच्या डोक्याशी, खुर्चीतच बसवलेले दिवे. आणि तिचं कव्हर कशाचं? चक्क रेक्झिनसारख्या नकली चामड्याचं! राजाच्या घरात! अस्सल चामडं परवडत नव्हतं असं तर नक्कीच नाही. माझ्या मते ‘लक्झरी’ म्हणजे काय, ते ह्या खुर्चीत कळतं. महागाचा माल लावणं ही लक्झरी नव्हे. हा माणूस रात्री वाचत बसतो, तेव्हा उजेड कुठून यावा, ह्याचा कुणीतरी बसून विचार केला आणि त्या विचाराचे त्याला पैसे मिळाले, ही लक्झरी.

आणि नेमका ह्या विचाराचाच पैसा द्यायला आपण तयार नसतो.

आमच्या ओळखीतला एक मुलगा अहमदाबादहून इंटीरियर शिकून गावी परतला. घरच्यांचं म्हणणं, “सुतारकामच करायचं होतं तर एवढी फी कशाला भरली?” (सुतारकामाला काय झालं, हा वेगळाच लेख होईल.) पहिलं गिऱ्हाईक आलं. बंगल्यावर कोटभर रुपये घातलेलं. त्यानं विचारलं, “स्क्वेअर फुटाला काय रेट?” पोरानं ड्रॉइंगची फी सांगितली, तर म्हणे, “ड्रॉइंगचे कशाला? प्लायवूडवाला तर डिझाइन फुकट देतो.” फुकट कसं असेल हो? ते प्लायच्या बिलात असतं! म्हणूनच त्या डिझाइनमध्ये जिथं तिथं प्लायच प्लाय असतो, आणि आजीला गुडघे न दुखता उठता येईल अशी एक खुर्ची आख्ख्या घरात नसते.

बीडमध्ये पैसा नाही, म्हणून ही पोरं पुण्याला जातात असं म्हणतात. मला ते पटत नाही. पैसा पीओपीच्या सीलिंगमध्ये बघा किती आहे ते.

अर्थात मुथेसियसची कारकीर्द ही काही नुसती सुखकथा नाही. सगळी भिस्त एका गिऱ्हाइकावर. पुढे राजानं त्याला संस्थानची इतर कामंही दिली, पण १९३९ मध्ये महायुद्ध पेटलं, तो जर्मनीत राहिला आणि ते पर्व संपलं. नंतर त्यानं बर्लिनमध्ये आर्किटेक्ट म्हणून काम केलं, १९८९ साली वारला. आजही त्याचं नाव निघतं ते तिशीच्या आत केलेल्या ह्या एका घरासाठी. एकाच क्लायंटवर चालणाऱ्या प्रोजेक्टमधल्या माझ्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

यशवंतराव १९६१ मध्ये गेले. १९८० साली मोनॅकोत सोदबीजच्या लिलावात माणिकबागेतलं फर्निचर विकलं गेलं, जगभर पांगलं. २०१९ मध्ये पॅरिसच्या डेकोरेटिव्ह आर्ट्सच्या म्युझियममध्ये ह्या राजावर मोठं प्रदर्शन भरलं, लोकांनी तिकीट काढून ह्या वस्तू पाहिल्या. माणिकबागेत मात्र आता केंद्रीय कर खात्याचं ऑफिस आहे.

आमच्या एका काकांचं घर सध्या बीडला स्लॅबपर्यंत आलंय. त्यांना ही सगळी गोष्ट फोनवर सांगितली आणि म्हटलं, त्या पोराला बोलवा, ड्रॉइंगचे पैसे वेगळे द्या, निदान काकूंच्या किचनपुरते तरी. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “बघू. आधी पीओपीवाल्याचं फायनल होऊ दे.”