भिवापुढचे उद्गारचिन्ह

धागा : महाविद्यालयातील निसर्ग-संग्रहालये आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी पाठ फिरवलेले एक दप्तर

रत्नागिरी शहराला लागून असलेल्या मिरजोळ्याच्या सड्यावर आज औद्योगिक वसाहत आहे. ती होण्यापूर्वी, मृगाच्या पहिल्या पावसानंतर, त्या कातळावर नेमके काय फुलत असे? हा प्रश्न इतिहासाचाच आहे. पण त्याचे उत्तर कोणत्या दप्तरात शोधावे, हे इतिहासाच्या वर्गात कोणी सांगत नाही.

महसुली कागद अशा जमिनीला पोटखराब म्हणून मोकळे होतात. १८८० च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरमध्ये झाडे, पाखरे, मासे यांची माहिती भरपूर आहे. परंतु ती जिल्ह्याची आहे, एका गावच्या सड्याची नव्हे. इतक्या बारीक प्रश्नाचे उत्तर मिळण्याची शक्यता एकाच ठिकाणी असते : एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील कपाटात, जुन्या जाड कागदावर चिकटवलेल्या वाळक्या रोपाच्या कोपऱ्यातील चिठ्ठीवर. गाव, तारीख, जागेचे वर्णन, गोळा करणाऱ्याचे नाव. चार ओळी.

त्या चार ओळी म्हणजे ऐतिहासिक साधन आहे. मोडी कागदाइतकेच अस्सल. ते तसे मानले जात नाही, एवढीच अडचण.

महाराष्ट्रात असे संग्रह उभे कसे राहिले, हे पाहिले की अनेक गमतीशीर गोष्टी हाती लागतात. पहिली म्हणजे, पश्चिम भारतातील वनस्पतींच्या अभ्यासाचे एक मोठे केंद्र अभियंते घडवणाऱ्या महाविद्यालयात होते. आज सीओईपी म्हणून ओळखली जाणारी पुण्याची संस्था १८५४ मध्ये सुरू झाली. पुढे ती 'कॉलेज ऑफ सायन्स' म्हणून नावारूपाला आली, तेव्हा शेतीचे आणि वनखात्याचे विद्यार्थीही तिथेच शिकत. त्यांना झाडे ओळखता येणे भाग होते, आणि झाडे पुस्तकातून ओळखता येत नसतात. म्हणून नमुने गोळा होऊ लागले.

या महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक हे मूळचे रेल्वेचे अभियंते. वसईच्या खाडीवरील लोखंडी पुलाच्या कामात त्यांचा हात होता. पूल बांधणारा हा आयरिश माणूस पुण्यात येऊन गवते आणि वेली जमवू लागला. १८९० मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची स्थापना झाली, तेव्हा पश्चिम विभागाचे काम याच महाविद्यालयाकडे सोपवण्यात आले. कुक निवृत्त होऊन इंग्लंडला परतले आणि क्यू येथे बसून त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला. तो १९०१ ते १९०८ या काळात खंडशः प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातील वनस्पतींवर काम करणारा अभ्यासक आजही तो ग्रंथ उघडल्याशिवाय पुढे जात नाही.

या ग्रंथाची मांडणी इतिहासाच्या विद्यार्थ्याने एकदा तरी डोळ्यांखालून घालावी. प्रत्येक वनस्पतीच्या वर्णनानंतर ती कुठे मिळाली आणि कोणी आणली, हे दिलेले असते. तिथे स्टॉक्स, वुड्रो, गॅमी या साहेबांची नावे आहेत. त्यांच्याच रांगेत 'कानिटकर' आहे. आणि 'भिवा' आहे. आडनाव नाही, हुद्दा नाही, नुसता भिवा. त्याच्या नावापुढे उद्गारचिन्ह.

ते उद्गारचिन्ह आश्चर्याचे नव्हे. वनस्पतिशास्त्राच्या लेखनात त्याचा ठरलेला अर्थ असा : हा नमुना ग्रंथकाराने स्वतः पाहिला आहे. म्हणजे पुण्याच्या परिसरातील डोंगर-टेकड्यांवरून भिवाने उपटून आणलेले रोप कुकसाहेबांनी प्रत्यक्ष हाताळले आणि प्रमाण मानले. एकोणिसाव्या शतकातील सरकारी कागदांत असा माणूस सापडतो तो बहुधा शेतसाऱ्याच्या यादीत, नाहीतर फौजदारी खटल्यात. इथे तो ज्ञानाच्या नोंदीत सापडतो, साक्षीदार म्हणून, आणि त्याची साक्ष ग्राह्य धरलेली आहे. खालून लिहिलेल्या इतिहासाविषयी इतके बोलले जाते. त्याचे याहून सुंदर साधन क्वचितच मिळेल.

काहींचा मान याहून मोठा झाला. त्याच परंपरेत इलाख्याच्या शेतीखात्यात काम करणाऱ्या रा. कृ. भिडे यांच्या नावावरून गवताच्या एका प्रजातीला 'भिडिया' हे नाव मिळाले. पश्चिम घाटात वाढणाऱ्या एका गवताच्या शास्त्रीय नावात चित्पावनी आडनाव कायमचे जाऊन बसले आहे, ही गोष्ट कोकणात तरी अधिक माहीत असायला हवी होती.

मुंबईत हेच काम वेगळ्या रीतीने चालले. ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद मिळवणारे पहिले भारतीय डॉ. सखाराम अर्जुन. इतिहासाच्या वाचकांना ते रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून परिचित असतात. १५ सप्टेंबर १८८३ रोजी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत दोनच भारतीय होते : एक ते आणि दुसरे प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग. सुधारणावादी चळवळ आणि निसर्गाभ्यास एकाच घरात, एकाच माणसात नांदत होते. चरित्रकार मात्र पहिल्यावर प्रकरणे लिहितात आणि दुसऱ्याला एका वाक्यात उरकतात.

सेंट झेवियर्स महाविद्यालयात स्विस जेझुइट एथेलबर्ट ब्लॅटर यांनी १९०६ मध्ये वनस्पतींचा संग्रह सुरू केला. १९४१ पासून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आज तिथे सुमारे दोन लाख नमुने आहेत. ब्लॅटर यांनी केवळ रोपे जमवली नाहीत. व्यापाराचे शिक्षण घेत असलेल्या एका तरुणाला त्यांनी प्राणिशास्त्राकडे वळवले. तो तरुण म्हणजे सालिम अली. पुढे सांतापाव या स्पॅनिश धर्मगुरूंनी याच संग्रहाच्या बळावर खंडाळा आणि पुरंदर येथील वनस्पतींवर ग्रंथ लिहिले. एका महाविद्यालयाचा एक विभाग, आणि त्यातून एवढे!

पुण्याचा संग्रहही सुदैवी ठरला. शेतीचे शिक्षण वेगळे झाले, तेव्हा तो कृषी महाविद्यालयाकडे गेला आणि अखेर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या १९५५ मध्ये सुरू झालेल्या पुणे केंद्रात विसावला. मोठ्या संस्थेचा आसरा मिळाला, म्हणून तो टिकला.

असा आसरा नसलेल्या संग्रहांचे काय होते, हा खरा प्रश्न आहे. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी महाविद्यालये निघाली, तेव्हा प्रत्येक प्राणिशास्त्र विभागात बरण्यांची मांडणी आली. रत्नागिरीत महाविद्यालयीन शिक्षण १९४५ मध्ये पोहोचले. किनाऱ्यावरच्या विभागात मासे, खेकडे, समुद्रतारे. घाटावरच्या विभागात साप, पेंढा भरलेले पक्षी. ही संग्रहालये कोणी मोठ्या उद्देशाने उभारली नव्हती. प्रात्यक्षिकासाठी नमुना हवा, एवढाच हेतू. पण शिक्षक आणि प्रयोगशाळेतील परिचर वर्षानुवर्षे आसपासच्या बंदरांतून, ओढ्यांतून नमुने आणत राहिले आणि नकळत त्या त्या परिसराचे दप्तर तयार झाले.

२०१६ मध्ये दिल्लीचे राष्ट्रीय निसर्ग-संग्रहालय आगीत भस्मसात झाले, त्याची देशभर बातमी झाली. महाविद्यालयाच्या बरण्या जातात त्याची बातमी होत नाही. त्यांना आग लागत नाही, रंगरंगोटी निघते. नॅकची भेट ठरली की कपाटे हलतात, पुसट झालेल्या चिठ्ठ्या 'नीट' टंकलिखित करून नव्या लावल्या जातात आणि त्या नव्या चिठ्ठीवर प्राण्याचे शास्त्रीय नाव तेवढे उरते. गाव गेले, तारीख गेली, माणूस गेला. नमुना शाबूत, इतिहास नाहीसा!

याची किंमत ओळखायची असेल तर रत्नागिरीचीच कातळशिल्पे पाहावीत. उक्षीच्या कातळावर हत्ती कोरलेला आहे. कशेळीच्या प्रचंड हत्तीच्या आत कितीतरी प्राणी आहेत. आज कोकणात नसलेला गेंडाही या शिल्पांमधून भेटतो. २०२२ मध्ये ही शिल्पे जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. एका अर्थाने हे कोकणातील सर्वांत जुने निसर्ग-संग्रहालय. फक्त त्याला चिठ्ठी नाही. म्हणून काळ कोणता, प्राणी पाहून कोरला की ऐकून, यावर विद्वानांचा वाद चालूच राहणार. ज्या बरणीवर तारीख आणि बंदर लिहिलेले आहे, तिच्याबाबत हा वाद आपल्या आजोबांच्या पिढीने मिटवून ठेवला आहे. ती चिठ्ठी आपण स्वतःच्या हाताने खरवडून काढतो.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, आता विच्छेदनच बंद झाले, मग या बरण्या कशाला? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबवण्यास सांगितले आणि २०१४ मध्ये ते पूर्ण बंद केले. तो निर्णय योग्यच होता. पण त्यातून निघणारा निष्कर्ष अगदी उलटा आहे : नवे प्राणी मारायचे नसतील, तर मारून झालेले जुने प्राणी अधिक मोलाचे ठरतात. त्यांची जागा आता कोणी भरून काढणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फॉर्मॅलिन विषारी आहे, कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अनेक नमुने बाळगण्यावर कायदेशीर बंधने आहेत. हवेशीर खोली नसलेल्या महाविद्यालयाने या बरण्या विद्यार्थ्यांच्या डोक्याशी ठेवू नयेत, हे मान्यच करावे लागेल. नमुने योग्य संस्थेकडे सोपवावेत, वनखात्याकडे नोंदवावेत. परंतु चिठ्ठी विषारी नसते. रजिस्टर विषारी नसते. नमुना हलवण्यापूर्वी त्या दोहोंचे छायाचित्र घेण्यास एक मोबाइल आणि एक दुपार पुरते. हे काम प्राणिशास्त्राच्या विभागाने एकट्याने करावे, अशी अपेक्षा ठेवणेही चूक आहे. पुसट शाई वाचणे, अक्षर कोणाचे ते ओळखणे, गावाच्या नावाचे जुने रूप ताडून पाहणे ही इतिहासाच्या विद्यार्थ्यांची विद्या आहे. तो विभाग बहुधा त्याच इमारतीत, एक मजला खाली असतो.

सड्यांबाबत तर घाई आहे. १८५० मध्ये डॅल्झेलने वर्णन केलेली 'दीपकाडी' ही पांढऱ्या फुलांची वनस्पती कोकण परिसराची प्रदेशनिष्ठ आहे. तिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे. जांभ्याच्या कातळावरील बोटभर मातीत ती पहिल्या पावसाबरोबर उगवते, फुलते आणि पुन्हा मातीखाली कंदरूपाने झोपी जाते. बाकीचे दहा महिने पाहणाऱ्याला तिथे उजाड दगड दिसतो, आणि निर्णय घेणारे बहुधा त्याच दहा महिन्यांत येतात. एखाद्या सड्यावर ती होती, हे सांगू शकणारा पुरावा म्हणजे कोणीतरी जूनमध्ये भिजत जाऊन आणलेले रोप आणि त्यावरची चिठ्ठी.

जुन्या चिठ्ठ्यांत एक उणीवही आहे आणि ती नव्या नोंदींत सहज भरून काढता येईल. मासा मिरकरवाड्याच्या जेटीवरून आणलेला असला, तरी चिठ्ठीवर लॅटिन नाव असते आणि प्राध्यापकांचे नाव असते. मासा ज्याने ओळखून दिला त्या दर्यावर्दीचे नसते, आणि तो त्या माशाला काय म्हणतो तेही नसते. कुकच्या ग्रंथात भिवाला जी जागा मिळाली, ती स्वतंत्र भारतातील महाविद्यालयांनी त्याच्या वारसांना क्वचितच दिली. रजिस्टरमध्ये दोन रकाने वाढवावेत : एक 'स्थानिक नाव' आणि दुसरा 'कोणी सांगितले'.