बंद का पडला?

“गेलं! सगळं गेलं!” असा आक्रोश ऐकू आला की आमच्या घरात आता कुणी दचकत नाही. ऐन खेळाच्या रंगात दादाचा कॉम्प्युटर बंद पडला, एवढाच त्याचा अर्थ. परंतु गेल्या एप्रिलमध्ये माझा परीक्षेचा प्रकल्प लिहिता लिहिता त्याच कॉम्प्युटरने डोळे मिटले, चार पाने गेली, आणि मग हा प्रश्न एकट्या दादाचा उरला नाही.

आमचे घर कोपरखैरण्यात. बाबा वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी. बारावीच्या पुढे शिकणारी घरात मी पहिलीच. दादा महाप्याला एका गोदामात लागला, तेव्हा २०२१ साली त्याने बंद झालेल्या एका गेमिंग कॅफेतून हे यंत्र हप्त्याने घेतले. आतला प्रोसेसर २०१५ सालच्या पिढीचा, ग्राफिक्स कार्ड २०१६ सालच्या जीटीएक्स १०६० जातीचे. म्हणजे यंत्रांच्या हिशेबाने आजोबाच!

दादाने तो उचलून दुकानात नेला. तिथे तो तासभर चालला आणि एकदाही बंद पडला नाही. (हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. आम्ही ठेवले नाही.) तरीही निकाल मिळाला तो असा: “जुना झालाय. मदरबोर्ड चाललाय. नवीनच घ्या, ४५,००० मध्ये बसवून देतो.” बाबा म्हणाले, “रात्रंदिवस खेळल्यावर दुसरं काय होणार?” आणि मग काही न बोलता त्यांनी कपाटातून पतपेढीचे पासबुक काढले. ते पासबुक पाहून माझ्या पोटात कालवले. ५० किलोची गोणी पाठीवर घेणाऱ्या माणसाचे ४५,००० म्हणजे किती गोण्या, याचा हिशेब मी करायला लागले आणि अर्ध्यावर सोडून दिला.

दुकानदार खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. यंत्र जुनेच होते. विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. पण जुने असणे हे बंद पडण्याचे कारण कसे होईल? आमची आजी जुनी आहे, म्हणून ती रोज रात्री नऊ वाजता कोसळत नाही! माझी तक्रार आहे ती आमच्या घराबद्दल, आणि आमच्यासारख्या अनेक घरांबद्दल. काउंटरच्या पलीकडून आलेला शब्द आम्ही शेवटचा मानतो. दवाखाना असो, बँक असो की रेशनचे दुकान, “का?” असे विचारायची आम्हाला सवयच नाही. हेच बाबा बाजारात न उघडलेल्या गोणीचा नुसता वास घेऊन आतला सडका कांदा ओळखतात. तिथे त्यांना कुणी फसवू शकत नाही. मग घरात आल्यावर ती नजर कुठे जाते?

मी विज्ञानाची विद्यार्थिनी नाही. पण अकरावीला तर्कशास्त्र होते आणि त्यात जॉन स्टुअर्ट मिलच्या पद्धती होत्या. १८४३ सालच्या पुस्तकातल्या त्या पद्धती मी पाठ करून परीक्षेत ओतल्या होत्या. व्यतिरेक पद्धती म्हणजे काय? बाकी सगळे तसेच ठेवून एकच गोष्ट बदला. परिणाम बदलला तर कारण तिथेच कुठेतरी आहे. मी बाबांना पंधरा दिवस मागितले आणि एक वही घातली. किती वाजता बंद पडला, तेव्हा काय चालू होते, एवढेच लिहायचे.

यंत्राच्या आत स्वतःची एक नोंदवही असते. तिच्यात दर वेळी ४१ क्रमांकाची नोंद सापडली. मला वाटले, चोर सापडला! पण ४१ चा अर्थ इतकाच, की यंत्र रीतसर बंद न होता अचानक बंद झाले. पंचनाम्यात ‘इसम मयत आढळला’ असे लिहावे, तसे.

पहिला संशय उष्णतेवर. प्रोसेसर साधारण १०० अंशांपर्यंत गेला की आपला वेग कमी करतो. तरीही तापत राहिला तर जीव वाचवायला बंद होतो. आमचा ९६ वर जात होता. झाकण उघडले तर पंख्याच्या जाळीत धुळीची गादी, आणि तिच्यात कांद्याची पातळ साले! बाबांचा सदरा कॉम्प्युटरच्या वरच्याच खुंटीला असतो. साफसफाई केली, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप काढून नवा लावला, तापमान ७४ वर आले. आणि त्याच रात्री ९ वाजून १० मिनिटांनी कॉम्प्युटर बंद पडला.

दादा म्हणाला, “बघ, दुकानवाला बरोबर होता.” खरे तर इथे एक संशयित निर्दोष सुटला होता, पण हे घरच्यांना पटवणे कठीण असते. पुढचा संशय एसएमपीएसवर, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या डब्यावर. तो उघडायचा मोह मला झाला होता. कुणीही तो करू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल अशी वीज साठलेली असू शकते.

अखेर वहीच बोलली. अकरा वेळांपैकी दहा वेळा घटना रात्री साडेआठ ते अकराच्या दरम्यानची. या वेळेला आमच्या गल्लीतले सगळे एसी सुरू होतात आणि दिवा किंचित मिणमिणतो. वीज जात नाही, म्हणून विजेवर कुणाचा संशयही जात नाही. पण यूपीएसला तो उतरलेला दाब चालत नाही. तो तत्काळ बॅटरीवर जातो. आणि आमची बॅटरी मेलेली होती! खेळताना कॉम्प्युटर जास्त वीज ओढतो, म्हणून आधी फक्त खेळात बंद पडे. बॅटरी आणखी खचल्यावर माझ्या प्रकल्पाचाही भार तिला पेलेना. दुकानात तो का चालला? दादाने नेताना यूपीएस घरीच ठेवला होता.

यूपीएस वगळून तीन रात्री चालवला. एकदाही बंद पडला नाही. मी यूपीएस पुन्हा जोडायला घेतला तेव्हा दादा ओरडला, “सापडलं ना, मग परत कशाला?” पण उलट तपासणी नको का? जोडला, आणि चालू कॉम्प्युटर असताना यूपीएसचा भिंतीतला प्लग ओढला. क्षणात अंधार. हा एका सेकंदाचा प्रयोग पहिल्याच दिवशी करता आला असता, हे कबूल करताना आजही लाज वाटते.

नव्या बॅटरीला साडेनऊशे रुपये पडले. जुनी दुकानातच परत दिली. आत शिसे असते, ती भंगारात जाऊ नये.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले. चांगलेच झाले. पण सुटे भाग जोडून बनवलेल्या आणि दोन हात फिरलेल्या यंत्राला कंपनी कुठली? माझी मागणी साधी आहे. ‘नवीन घ्या’ म्हणणाऱ्याने काय काय तपासले ते पावतीवर लिहून द्यावे. तपासणीचे पैसे घ्यावेत, आम्ही देऊ. आणि आपणही ती पावती मागायला लाजू नये.

पासबुक पुन्हा कपाटात गेले आहे. दादाच्या खेळण्यावरून बाबांची कुरकुर चालूच आहे, फक्त सदऱ्याची खुंटी आता दाराजवळ गेली आहे.

— द्वितीय वर्ष कला