चौथी पिन

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींचा हा एक ठरलेला संवाद आहे. घर बदललं, जुना ड्रायर ट्रकमधून आणला, आणि बघतात तर भिंतीतल्या सॉकेटला भोकं चार आणि ड्रायरच्या प्लगला पिना तीन. (किंवा बरोबर उलटं.) मग कुठल्यातरी पॉटलकला हा प्रश्न निघतो आणि चार इंजिनियर एका सुरात सांगतात, "अरे सोपं आहे! पंचवीस-तीस डॉलरची कॉर्ड आण, मागचे तीन स्क्रू काढून लाव, झालं!"

माझं भांडण त्या "झालं"शी आहे.

कॉर्ड स्वतः बदलू नये असं मी अजिबात म्हणत नाही. काम अर्ध्या तासाचं आहे. पण चौथी पिन का आली हे न विचारता ती लावणं म्हणजे कोड न वाचता कॉपी-पेस्ट करणं, आणि इथे क्रॅश झालं तर रीस्टार्ट नाही.

आधी हा घोळ आला कुठून ते बघू. अमेरिकेत ११०-१२० व्होल्ट, एवढंच आपल्या डोक्यात असतं. इलेक्ट्रिक ड्रायरला लागतात २४०. त्यासाठी दोन फेज येतात, प्रत्येकी १२० चे, एकमेकांच्या उलटे. हीटर त्या दोघांच्या मधे बसतो. पण आतली मोटर आणि टायमर बहुतेक ड्रायरमधे १२० वरच चालतात, म्हणून न्यूट्रलही हवा. झाल्या तीन तारा. आणि अर्थिंग? ते नाहीच! दुसऱ्या महायुद्धात तांबं वाचवायचं म्हणून इलेक्ट्रिक शेगड्यांना सवलत मिळाली की बाहेरचा पत्रा न्यूट्रललाच जोडा. पुढे तीच ड्रायरला लागू झाली. युद्ध १९४५ मधे संपलं आणि नव्या वायरिंगसाठी ही सवलत बंद झाली ती नॅशनल इलेक्ट्रिकल कोडच्या १९९६ च्या आवृत्तीत! जुन्या वायरिंगला सूट अजून आहेच. "तात्पुरती सोय" ही काही फक्त आपल्याकडची खासियत नाही तर.

आता ड्रायरच्या मागचं छोटं झाकण उघडा (प्लग काढून, हे सांगायला लागू नये). तीन स्क्रूंची पट्टी दिसेल. मधला न्यूट्रल, बाजूचे दोन फेज. आणि मधल्या स्क्रूपासून पत्र्याकडे गेलेली एक तांब्याची पट्टी किंवा हिरवी तार. सगळं राजकारण या पट्टीचं आहे. तीन पिनांच्या कॉर्डला ती हवीच. चार पिनांची कॉर्ड लावली की ती न्यूट्रलपासून सोडवायची आणि कॉर्डची हिरवी तार थेट पत्र्याला जोडायची. पॉटलकमधले चौघे हे सांगत नाहीत. घरपोच ड्रायर आणणारे घाईत असतात, तेही कधी कधी ती तशीच ठेवून जातात.

ठेवली तर काय होतं? गंमत म्हणजे काहीच होत नाही. कपडे छान वाळतात. फक्त मोटरचा थोडा करंट अर्थिंगच्या तारेतून परत जायला लागतो. न्यूट्रल तुटला तरी ड्रायर चालूच, कुणाला पत्ता नाही. पुढे कधी अर्थिंगही सुटलं की पत्र्यावर १२० व्होल्ट. शेजारीच वॉशिंग मशीन, त्याला अर्थिंग व्यवस्थित. एक हात याच्यावर, दुसरा त्याच्यावर, हातात ओले कपडे. ३० अँपियरचा ब्रेकर माणसाच्या अंगातून जाणाऱ्या करंटने पडत नाही हो!

उलटी चूक तर आणखी वाईट. चारची कॉर्ड काढून तीनची लावली आणि पट्टी परत जोडलीच नाही, तर पत्र्याला कसलाच आधार नाही. आत एखादी तार घासली की अख्खा डबा जिवंत.

आपण लहानपणी सॉकेटमधे उघड्या तारा खुपसून वर आगकाड्या ठोकलेल्या बघितल्यात. थ्री-पिनची वरची पिन जाड आणि लांब का असते (अर्थिंग आधी जोडलं जावं म्हणून) हे शाळेत पाठ केलंय. तरी इथे आलो की "अमेरिका आहे, सगळं सेफच असणार" म्हणून डोकं बंद! आणि वर एक खास तोरा: आम्ही सॉफ्टवेअरवाले, स्क्रू-ड्रायव्हर म्हणजे वायरमनचं काम. मग फेजचा एक स्क्रू ढिला राहतो, ड्रम फिरतो पण हवा गार, आणि साहेब नवीन ड्रायर घेऊन येतात. किंवा ढिला स्क्रू तापून पट्टी वितळवतो. कॉर्ड आत शिरते तिथला क्लॅम्प तर "एक्स्ट्रा पार्ट" म्हणून ड्रॉवरमधे पडलेला असतो. च्यायला, तो नसेल तर पत्र्याची धार रोजच्या थरथरीने तारेवरचं आवरण कापत जाते.

घरात सॉकेट तीनचं असेल तर तीनची कॉर्ड लावा, पट्टी जोडा, आणि जमेल तेव्हा इलेक्ट्रिशियनकडून चार तारांची केबल टाकून घ्या. भिंतीत चारचं सॉकेट बसवून आत न्यूट्रल आणि अर्थिंगला एकच तार चिकटवण्याचा "जुगाड" मात्र नको. पुढचा भाडेकरू त्या चौथ्या भोकावर विश्वास ठेवणार आहे.

आणि तपासणं फार सोपं. प्लग बाहेर काढून मल्टिमीटरचं एक टोक प्लगच्या इंग्रजी एल आकाराच्या पिनला, दुसरं पत्र्यावरच्या रंग नसलेल्या स्क्रूला. तीन पिनांच्या कॉर्डला वाजलं पाहिजे, चारच्या कॉर्डला वाजता कामा नये. त्या चौघांच्या ड्रायरवर हे करून बघायची माझी तयारी आहे, कुठल्याही वीकांताला. मल्टिमीटर मी आणतो.